अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध : एका जुन्या बँकवाल्याच्या नजरेतून

स्मरणिका समितीने मला जे पत्र दिलं, त्यात विषय होता ‘सोसायटीच्या वाटचालीतील महत्त्वाची वळणे’. पण पाण्याच्या टाकीचा, लिफ्टचा आणि कन्व्हेयन्सचा इतिहास माझ्यापेक्षा जास्त जाणणारी मंडळी आपल्या दोन्ही विंगमध्ये आहेत, आणि ती तो लिहितीलच. म्हणून समितीची परवानगी घेऊन मी विषय थोडा बदलून घेतला. वळणे तीच ठेवली, वाटचाल मात्र दुसऱ्या कुणाची.

निमित्त झाला माझा नातू. मुलगी-जावई न्यू जर्सीत असतात, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहेच. नातवाला शाळेत प्रकल्प मिळाला होता : अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातील पाच निर्णायक वळणे. व्हिडिओ कॉलवर तो म्हणाला, “आजोबा, तुम्ही बी.ए.ला इतिहास घेतला होता ना? मग पाच वळणं निवडून द्या.” इतिहास घेतला होता हे खरं, पण पदवी हातात पडली आणि मी बँकेत चिकटलो. पुढची पस्तीस वर्षे लेजर, कॅश आणि थकबाकी यांत गेली. त्यामुळे हे युद्ध पुन्हा वाचायला बसलो तेव्हा तोफांच्या आधी माझी नजर गेली ती पैशांच्या व्यवहाराकडे. आणि खरं सांगतो, या युद्धाचा उलगडा मला तिथेच झाला.

यंदा अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला २५० वर्षे होत आहेत. आपला रौप्यमहोत्सव त्याच्या एक दशांश. तेव्हा ही हकीकत अगदीच अस्थानी ठरणार नाही अशी आशा आहे.

भांडण सुरू झाले कर्जावरून

आपल्याकडे पानिपत झाले त्या सुमारास इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात जगभर युद्ध चालू होते. १७५६ ते १७६३ असे सात वर्षे ते चालले. इंग्लंड जिंकले, कॅनडा हाती आला; पण सरकारी कर्ज साधारण साडेसात कोटी पौंडांवरून तेरा कोटींवर गेले. जिंकणाऱ्याचे घर असे कर्जात बुडालेले. मग लंडनच्या पार्लमेंटने विचार केला, की अमेरिकेतल्या आपल्या वसाहतींच्या रक्षणासाठी एवढा खर्च झाला, तर त्यांनीही थोडा भार उचलावा. १७६५ मध्ये मुद्रांक कर बसवला. वसाहतींचे म्हणणे असे, की ज्या पार्लमेंटमध्ये आमचा एकही माणूस बसत नाही, तिने आमच्या खिशात हात घालायचा नाही. एवढा गदारोळ झाला की वर्षभरात तो कर मागे घ्यावा लागला. पुढे दुसरे कर आले, तेही बरेचसे मागे घेतले. राहिला तो चहावरचा.

आणि इथे आपल्या ओळखीची एक मंडळी प्रवेश करतात : ईस्ट इंडिया कंपनी. १७७० च्या दुष्काळाने बंगाल उद्ध्वस्त झालेला, कंपनीचा लष्करी खर्च वाढलेला, युरोपात पतपुरवठा आटलेला आणि लंडनच्या गोदामांत चहाचे ढीग न विकता पडलेले. कंपनी सरकारकडे हात पसरून गेली. १७७३ मध्ये सरकारने तिला १४ लाख पौंड कर्ज दिले आणि हा चहा थेट अमेरिकेत नेऊन स्वस्तात विकायची सवलतही दिली. (चहा होता चीनचा, आसामचा चहा पुढच्या शतकातला.) चहा स्वस्त झाला, पण कर तसाच राहिला. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बॉस्टनच्या लोकांनी ३४२ पेट्या समुद्रात ओतल्या. बुडीत कंपनीला वाचवायला गेलेले सरकार एका मोठ्या युद्धाच्या दारात येऊन उभे राहिले. एप्रिल १७७५ मध्ये लेक्सिंग्टन आणि काँकॉर्ड येथे पहिल्या गोळ्या झडल्या, आणि ४ जुलै १७७६ रोजी तेरा वसाहतींनी आपण स्वतंत्र झाल्याचे जाहीर केले.

जाहीर केले खरे, पण हे नवे सरकार कसे होते? तेरा राज्यांची एक काँग्रेस. तिला कर बसवायचा अधिकारच नव्हता! ती राज्यांना फक्त विनंती करायची, की कृपया आपापला हिस्सा पाठवा. मेंटेनन्स भरायची सक्तीच नाही अशी एखादी सोसायटी डोळ्यांसमोर आणा, म्हणजे आणखी काही सांगायला नको. पुढे आयात मालावर पाच टक्के कर बसवायचा ठराव आला. पण त्याला तेराही सभासदांची मंजुरी हवी होती. सर्वांत लहान सभासद ऱ्होड आयलंड. त्याने नाही म्हटले आणि ठराव बारगळला.

मग काँग्रेसने नोटा छापल्या. पाच वर्षांत वीस कोटी डॉलरच्या वर. त्यात इंग्रजांनी न्यू यॉर्कमधून खोट्या नोटांचीही भर घातली. मार्च १७८० मध्ये काँग्रेसला स्वतःच कबूल करावे लागले, की आमच्या चाळीस कागदी डॉलरना चांदीचा एक डॉलर. आपल्याकडे ‘पत’ हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. पैशाची पत आणि माणसाची पत, दोन्हीला एकच शब्द. काँग्रेसची पैशाची पत गेली होती. तरी युद्ध आठ वर्षे चालले, ते कोणाच्या पतीवर? नातवाला निवडून दिलेली पाच वळणे मी या एका प्रश्नाच्या आधाराने निवडली.

वळण पहिले : दहा डॉलर, सहा आठवडे

१७७६ चा ऑगस्ट. सेनापती जॉर्ज वॉशिंग्टन न्यू यॉर्कजवळच्या ब्रुकलिन भागात सपाटून हरला होता. पाठीमागे नदी, समोर इंग्रज. २९ ऑगस्टच्या रात्री मॅसॅच्युसेट्सच्या कोळ्यांनी सुमारे नऊ हजार माणसे होड्यांतून गुपचूप पलीकडे नेली. पहाटे दाट धुके पडले म्हणून शेवटच्या तुकड्याही निसटल्या. युद्धात नेटकी माघार ही केवढी मोठी गोष्ट असते, ते आपल्याकडच्या गनिमी काव्याच्या गोष्टी ऐकत वाढलेल्यांना सांगायला नको.

पण त्यानंतर नुसती घसरगुंडी. नोव्हेंबरात एक किल्ला पडला आणि अडीच हजारांवर माणसे कैद झाली. उरलेली फौज न्यू जर्सीतून मागे हटत डेलावेअर नदीपलीकडे गेली. थंडी पडलेली, पुष्कळांच्या पायांत धड जोडे नाहीत. आणि सर्वांत वाईट म्हणजे बहुतेकांचा करार ३१ डिसेंबरला संपणार होता. १ जानेवारीला सैन्यच शिल्लक राहणार नव्हते. बँकेच्या भाषेत सांगायचे, तर सगळ्या ठेवींची मुदत एकाच दिवशी पुरी होत होती आणि तिजोरी रिकामी होती.

नाताळच्या रात्री वॉशिंग्टनने २,४०० माणसांसह बर्फाचे तुकडे वाहत असलेली ती नदी ओलांडली. दुसऱ्या दोन तुकड्या ठरल्याप्रमाणे पोहोचूच शकल्या नाहीत. हा मात्र पुढे गेला. सकाळी आठच्या सुमारास ट्रेंटन गावातल्या भाडोत्री जर्मन पलटणींवर हल्ला केला आणि सुमारे नऊशे कैदी पकडले.

गेल्या खेपेस जावयाने मला ती जागा दाखवायला नेले होते. नदी फार रुंद नाही, समोरचा काठ स्वच्छ दिसतो. ऑक्टोबर होता, तरी स्वेटर घालूनही मी कुडकुडत होतो. नातू म्हणाला, “आजोबा, इथेच जिंकले.” मी मान हलवली. पण माझ्या मते खरे वळण चार दिवसांनंतरचे.

३० डिसेंबरला वॉशिंग्टनने एका पलटणीला रांगेत उभे केले आणि सांगितले, की आणखी सहा आठवडे थांबा, प्रत्येकी दहा डॉलर जादा देतो. नगारा वाजला. एकही माणूस पुढे आला नाही. तो घोडा वळवून थोडा दूर गेला, परत आला आणि पुन्हा बोलला, की तुम्ही जेवढे शक्य होते त्यापेक्षा जास्त केले आहे, पण देशाला तुमची गरज आत्ता आहे. पुन्हा नगारा वाजला. थोडे सैनिक एकमेकांकडे बघत पुढे आले, मग आणखी आले. एका अधिकाऱ्याने विचारले, यांची नावे लिहून घेऊ का? वॉशिंग्टन म्हणाला, गरज नाही. विनातारण, विनास्वाक्षरी कर्ज! माझ्या साहेबांनी असा व्यवहार पाहिला असता तर मेमोच दिला असता.

आणि हे दहा डॉलर तरी कुठे होते? फिलाडेल्फियात रॉबर्ट मॉरिस नावाचा व्यापारी होता. त्याने स्वतःच्या शब्दावर लोकांकडून पैसे उभे केले. हेरांना द्यायला रोख नाणी हवी होती, तेव्हा त्याने चारशेच्या वर स्पॅनिश डॉलर, काही इंग्लिश क्राउन, शिलिंग, जे मिळेल ते गोळा करून पाठवले. त्या थांबलेल्या माणसांच्या जोरावर वॉशिंग्टनने ३ जानेवारीला प्रिन्स्टनची लढाई मारली. आदल्या रात्री छावणीतल्या शेकोट्या पेटत्या ठेवून फौज अंधारात निघून गेली होती, आणि इंग्रज सकाळपर्यंत रिकाम्या शेकोट्यांवर पहारा देत बसले.

वळण दुसरे : जामीनदार मिळाला

१७७७ मध्ये इंग्रजांनी बेत आखला, की जनरल बर्गॉइनने कॅनडातून दक्षिणेला उतरावे आणि हडसन नदीच्या खोऱ्यातून अमेरिकेचे दोन तुकडे करावेत. न्यू यॉर्कच्या जनरल हाउने त्याला मदत करणे अपेक्षित होते, पण तो फिलाडेल्फिया जिंकायला भलत्याच दिशेला गेला. दोन शाखांचा एकमेकींशी मेळ नसला की काय होते, ते आम्ही बँकवाले चांगले जाणतो. जंगलात अडकलेला बर्गॉइन साराटोगा येथे दोन लढायांनंतर वेढला गेला आणि १७ ऑक्टोबर १७७७ रोजी जवळजवळ सहा हजार माणसांनिशी शरण आला.

इथली एक गोष्ट मला विसरता येत नाही. या लढाईत सर्वांत शौर्याने लढला तो बेनेडिक्ट आर्नोल्ड. पायाला गोळी लागली. तीन वर्षांनी तोच माणूस पैशासाठी आणि मानासाठी इंग्रजांना फितूर झाला. साराटोगाला त्याच्या पराक्रमाचे स्मारक आहे, पण त्यावर नुसता एक बूट कोरला आहे. नाव नाही.

साराटोगाने फ्रान्सचा निर्णय पक्का केला. तोवर फ्रान्स चोरून दारूगोळा पाठवत होताच. आता ६ फेब्रुवारी १७७८ रोजी उघड तह झाला. पॅरिसमध्ये बसून हा व्यवहार जमवणारा बेंजामिन फ्रँकलिन तेव्हा सत्तरी ओलांडलेला होता, हे आम्हा ज्येष्ठ नागरिकांनी ध्यानात ठेवावे. अमेरिकेला जामीनदार मिळाला, आणि इंग्लंडसाठी हे बंड उरले नाही, जगभरचे युद्ध झाले. पुढे स्पेन आले, हॉलंड आले.

त्याचे धक्के आपल्याकडेही बसले. इंग्रज आणि मराठे यांचे युद्ध राघोबादादांच्या निमित्ताने १७७५ पासूनच चालू होते. १७७७ मध्ये सेंट लुबिन नावाचा फ्रेंच वकील पुण्याला आला आणि नाना फडणवीस फ्रेंचांशी काय बोलतात, या चिंतेने इंग्रज अस्वस्थ झाले. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांची फौज कोंडली गेली आणि त्यांना नामुष्कीचा करार करावा लागला. त्याच वर्षी इंग्रजांनी फ्रेंचांचे माहे बंदर घेतले, त्याने हैदर अली चिडला आणि १७८० मध्ये कर्नाटकात उतरला. लंडनच्या सरकारला आता न्यू यॉर्क, जिब्राल्टर, वेस्ट इंडीज, पुणे, मद्रास अशी सगळीकडची काळजी. १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला, तेव्हा कुठे मराठ्यांशी चाललेले युद्ध थांबले.

वळण तिसरे : नातवाच्या पुस्तकात नसलेले

जामीनदार मिळाला म्हणून शिपायाच्या हातात पगार पडतो असे नाही. १७७७-७८ चा हिवाळा फौजेने व्हॅली फोर्ज येथे काढला. तिथे लढाई न होता दोन हजारांच्या आसपास माणसे आजाराने मेली. मे १७८० मध्ये चार्ल्सटन पडले, पाच हजारांवर सैनिक कैद झाले. कागदी डॉलरची गत वर सांगितलीच आहे.

१ जानेवारी १७८१ रोजी पेनसिल्व्हेनियाच्या पलटणींनी बंड केले. कित्येकांना वर्षभर पगार नव्हता. करार ‘तीन वर्षे किंवा युद्ध संपेपर्यंत’ असा. शिपाई म्हणत तीन वर्षे झाली, सोडा. अधिकारी म्हणत युद्ध संपलेले नाही. (अशा ‘किंवा’ शब्दाने किती खटले उभे राहतात, ते वकील सभासदांना विचारा.) झटापटीत एक कॅप्टन मेला. मग दीड-दोन हजार माणसे आपल्याच सार्जंटांच्या हुकमाखाली, शिस्तीत, प्रिन्स्टनकडे चालू लागली.

इंग्रज सेनापती क्लिंटनला वाटले, घबाड सापडले. त्याने गुपचूप दोन माणसे पाठवली, की आमच्याकडे या, थकलेला सगळा पगार आम्ही देतो, आणि खऱ्या नाण्यांत देतो.

विचार करा. उपाशी, फाटके, वर्षभर बिनपगारी. स्वतःच्या सरकारवर रागावलेले. आणि समोरून रोख रक्कम. त्या सार्जंटांनी ती दोन्ही माणसे पकडून अमेरिकन अधिकाऱ्यांच्या ताब्यात दिली; त्यांना फाशी झाली. त्याबद्दल बक्षीस देऊ केले, तेही सार्जंटांनी घेतले नाही. मागण्यांवर तडजोड झाली, निम्म्याच्या आसपास शिपायांना मोकळे केले गेले. त्यांतले कितीतरी पुढे पुन्हा भरती झाले.

नातवाला मी म्हटलं, हे वळण तुझ्या पुस्तकात नाही, कारण इथे लढाई झाली नाही. पण त्या दिवशी ती माणसे पलीकडे गेली असती, तर पुढचे काहीच झाले नसते. आर्नोल्ड जनरल होता, तो विकला गेला. हे शिपाई होते, ते विकले गेले नाहीत.

वळण चौथे : यॉर्कटाउन

दक्षिणेत इंग्रजांचा सेनापती होता लॉर्ड कॉर्नवॉलिस. मार्च १७८१ मध्ये त्याने गिलफर्ड कोर्टहाउसची लढाई जिंकली, पण जिंकताना फौजेतला चौथा हिस्सा गमावला. असे आणखी एक-दोन विजय मिळाले असते तर फौजच उरली नसती. तो व्हर्जिनियात जाऊन समुद्रकाठी यॉर्कटाउनला बसला, आरमाराच्या भरवशावर.

वॉशिंग्टनला न्यू यॉर्क घ्यायचे होते. फ्रेंच सेनापती रोशांबो याचे मत दक्षिणेकडे जाण्याचे होते. फ्रेंच आरमाराचा प्रमुख द ग्रास वेस्ट इंडीजमधून थेट चेसापीक उपसागरात येतो आहे, असा निरोप आला तेव्हा वॉशिंग्टनने स्वतःचा हट्ट सोडला. द ग्रासने येताना हवानामधून स्पॅनिश लोकांकडून पाच लाख पेसो उभे करून आणले होते. इकडे चालत निघालेले अमेरिकन शिपाई कुरकुरू लागले : आधी पगार द्या. मॉरिसने रोशांबोकडून चांदीची नाणी उसनी घेतली आणि सप्टेंबर १७८१ मध्ये प्रत्येकाला एका महिन्याचा पगार दिला.

जोसेफ प्लंब मार्टिन नावाचा कनेक्टिकटचा एक शिपाई होता. पंधराव्या वर्षी सैन्यात आला. म्हातारपणी त्याने आपल्या आठवणी छापल्या. त्यात तो म्हणतो, की १७७६ नंतर ज्याला पगाराचा खरा पैसा म्हणता येईल, असा तो एका महिन्याचाच मिळाला. आधीही नाही आणि नंतरही नाही.

५ सप्टेंबरला फ्रेंच आरमाराने इंग्रज आरमाराला उपसागराच्या तोंडाशी रोखले. कॉर्नवॉलिसचा परतीचा दरवाजा बंद झाला. वेढ्यात जमिनीवर फ्रेंच जवळजवळ अमेरिकनांच्या बरोबरीने होते, आणि समुद्रावर तर सगळेच फ्रेंच. १९ ऑक्टोबर १७८१ रोजी सात हजारांवर इंग्रज फौजेने शस्त्रे ठेवली. कॉर्नवॉलिस प्रकृती बरी नसल्याचे सांगून स्वतः आलाच नाही, हाताखालच्या अधिकाऱ्याला पाठवले.

हाच कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी आपल्याकडे गव्हर्नर जनरल होऊन आला. हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन १७९२ मध्ये टिपूविरुद्ध श्रीरंगपट्टणला ज्याच्या बरोबरीने होते, तो हाच. अमेरिका गमावलेल्या माणसाने हिंदुस्थानात मात्र कंपनीचा पाया भक्कम केला.

वळण पाचवे : चष्मा

लढाई संपली, तह व्हायचा होता, आणि फौज अजून बिनपगारी. मार्च १७८३ मध्ये न्यूबर्ग येथे अधिकाऱ्यांमध्ये एक निनावी पत्रक फिरले. त्याचा मतलब असा, की आता हत्यारे खाली ठेवू नका, काँग्रेसला वठणीवर आणा. लष्कराने सरकार ताब्यात घेण्याची ती पहिली पायरी ठरली असती.

१५ मार्चला वॉशिंग्टन त्यांच्या सभेत अचानक आला. भाषण केले. चेहरे बदलले नाहीत. मग त्याने खिशातून एक पत्र काढले आणि वाचताना अडखळला. दुसऱ्या खिशातून चष्मा काढला. त्याला चष्मा लावलेला फारसा कुणी पाहिला नव्हता. तो एवढेच म्हणाला, की माफ करा, तुमच्या सेवेत केस पांढरे झाले, आता दृष्टीही चालली आहे. कितीतरी अधिकाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आले. बंड तिथेच विरले.

३ सप्टेंबरला पॅरिसचा तह झाला. २३ डिसेंबर १७८३ रोजी वॉशिंग्टनने अ‍ॅनापोलिसला काँग्रेससमोर उभे राहून सेनापतिपद सोडले आणि घरी गेला. आठ वर्षे त्याने पगार घेतला नव्हता, फक्त खर्च मागितला होता, आणि त्याचा हिशेब स्वतःच्या हाताने लिहून सादर केला होता. खुर्ची वेळेवर सोडणे आणि हिशेब चोख देणे, या दोन गोष्टींवर अधिक भाष्य करत नाही. आपली वार्षिक सर्वसाधारण सभा जवळ आली आहे.

खतावणीतली न मिटलेली खाती

सगळे ऐकून झाल्यावर नातवाने विचारले, “मग आजोबा, त्यांना शेवटी पैसे मिळाले?”

या प्रश्नाचे उत्तर शोधायला मला दोन दिवस लागले. फ्रान्सने जामिनकी निभावली आणि त्यापायी शंभर कोटी लिव्हरपेक्षा जास्त खर्च केला. त्या ओझ्याखाली राजाचा खजिना मोडला, आणि १७८९ मध्ये तिथे क्रांती झाली. स्वातंत्र्याच्या वचनावर इंग्रजांकडे पळून गेलेले सुमारे तीन हजार कृष्णवर्णीय स्त्रीपुरुष न्यू यॉर्कहून जहाजांत बसून कॅनडाच्या नोव्हा स्कोशियात गेले. कारण स्वतंत्र अमेरिकेत ते पुन्हा गुलाम झाले असते. आणि ज्या मूळ रहिवाशांच्या जमिनीवरून रेषा आखल्या गेल्या, त्यांना पॅरिसच्या तहाला कुणी बोलावलेच नाही.

शिपायांना पगाराऐवजी कागदी प्रमाणपत्रे मिळाली. घरी जायला पैसे नाहीत, अंगावर चिंध्या. मार्टिनने त्यांतली काही विकली ती धड कपडे घ्यायला. सट्टेवाल्यांनी अशी प्रमाणपत्रे डॉलरला दहा-वीस सेंट देऊन गोळा केली. १७९० मध्ये अलेक्झांडर हॅमिल्टनने ठरवले, की नव्या देशाची पत राखायची तर ज्याच्या हातात कागद आहे त्याला पूर्ण दर्शनी किंमत द्यायची. जेम्स मॅडिसन म्हणाला, मूळ शिपायालाही काही द्या. त्याची सूचना ३६ विरुद्ध १३ मतांनी फेटाळली गेली. बँकवाला म्हणून सांगतो, हॅमिल्टनचे बरोबर होते. कागद ज्याच्या हाती, पैसे त्याचे. नाहीतर बाजार चालत नाही. देशाची पत राहिली. पण ज्यांनी ती पत दहा डॉलरच्या शब्दावर आणि बिनपगारी उभी केली होती, ते रांगेत नव्हतेच.

१८१८ मध्ये, म्हणजे पस्तीस वर्षांनी, कायदा झाला : गरजू जुन्या शिपायांना महिना आठ डॉलर पेन्शन. मात्र दारिद्र्य सिद्ध करायचे. मार्टिन तेव्हा मेनमध्ये राहत होता. १८२० मध्ये त्याने आपली मालमत्ता लिहून दिली : जमीन नाही, दोन गाई, सहा मेंढ्या, एक डुक्कर.

हे वाचून मी बराच वेळ गप्प बसलो. कारण पेन्शनच्या टेबलावर मीही बसलो आहे. एका तालुक्याच्या शाखेत असताना एका माजी सैनिकाची विधवा यायची. एका कागदावर माहेरचे नाव, दुसऱ्यावर सासरचे. मी तिला तीन वेळा परत पाठवले. दर वेळी ती काही न बोलता कागद पदराखाली घ्यायची आणि एस.टी. पकडायला जायची. चौथ्या वेळी तिचा मुलगा आला, मृत्यूचा दाखला घेऊन. नियमाने माझे काही चुकले नव्हते. तपासणीतही कुणी बोट ठेवले नाही. एक प्रतिज्ञापत्र मी स्वतः पुढाकार घेऊन तिथल्या तिथे करून घेतले असते, तर काम झाले असते. ते मला सुचले नाही असे नाही. त्या दिवशी रांग मोठी होती, एवढेच.

ही गोष्ट मी घरीसुद्धा कधी सांगितली नव्हती. नातवाला सांगितली. तो थोडा वेळ स्क्रीनवरून माझ्याकडे बघत राहिला, मग त्याने विषय बदलला.

पुढच्या आठवड्यात त्याने प्रकल्प दाखवला. पाच वळणे माझी होती, चित्रे त्याची. शेवटी एक जास्तीचे पान होते. त्यावर त्याने स्वतःच्या मनाने लिहिले होते : ‘सहावे वळण, १८१८.’ खाली दोन गाई, सहा मेंढ्या आणि एक डुक्कर काढले होते.

शाळेने पाचच मागितली होती. मी त्याला म्हटलं, हे पान काढू नकोस.